वाळूच्या गोण्यांना मान नसते

रोह्याला राहायला आल्यापासून आपण काय काम करायचो हे कोणाला सांगायचं मी सोडून दिलंय. सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, गाडी उलटी होते तेव्हा माणसं पडत कशी नाहीत, आणि दोन, पास मिळेल का. पडत कशी नाहीत ते सांगायला बसलं तर अर्ध्यातच समोरचा मोबाइल काढतो. आणि पास म्हणाल तर माझ्या स्वतःच्या नातवंडांनाही कधी फुकट मिळाले नाहीत. यंदा आमच्या आळीच्या मंडळाने अंक काढायचं ठरवलं, आणि संपादक म्हणून मिरवणारे आमचे शेजारी रोज दारात येऊन बसायला लागले, म्हणून हे लिहितोय. नाहीतर खरं सांगायचं तर मला कंटाळा आलाय. कामाचा नाही, काम केव्हाच सुटलं. आठवायचाच कंटाळा येतो.

मी पाइप वाकवायचो. आधी धाटावच्या केमिकल कंपन्यांत कंत्राटदाराकडे फिटर होतो, मग काही वर्षं डोलवीला काढली, आणि शेवटी पेणला सदानंदशेठच्या शेडमध्ये जो शिरलो तो निवृत्त होईपर्यंत तिथेच. धाटावला पाइपाच्या आतून ॲसिड जायचं, सदानंदशेठकडे पाइपाच्या वरून माणसं जायची. बाकी काम तेच. तीन रोलच्या मशीनमध्ये पाइप घालायचा, रोल थोडा आवळायचा, पाइप पुढेमागे करायचा, फर्म्याला, म्हणजे आकाराच्या नमुन्याला, लावून बघायचा, परत आवळायचा. पाइप वाकवला की थोडा मागे येतोच, म्हणून हवा त्यापेक्षा जरा जास्त वाकवायचा. कितीने जास्त, हे पाइपागणिक वेगळं. दिवसभर हेच. हे ऐकायला कोणाला मजा येणार?

सदानंदशेठचे वडील जत्रेतले पाळणे उभे करायचे. पाली म्हणू नका, महाड म्हणू नका, जिथे जत्रा तिथे त्यांचा पाळणा. त्यांची एक रीत होती. पाळणा उभा झाला की ज्याने नट आवळले तो पहिला बसणार. मालक असो की मजूर. सदानंदशेठने जत्रा सोडून पार्कवाल्यांसाठी रोलर कोस्टरचे रूळ बनवायला घेतले, तरी ती रीत त्यांनी सोडली नाही. आधी वाळूच्या गोण्या बसवून गाडी सोडायची, दिवसचे दिवस. मग माणूस बसवायचा. आणि पहिला माणूस तो, ज्याने पाइप वाकवला. पुष्कळ वर्षं तो माणूस मी होतो. नंतर माझा मेहुणा शंकर.

शंकर माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, रोह्याचा. त्याला शेडमध्ये मीच आणला. हात चांगला, तोंड कमी आणि मान ताठ. त्याच्या कामाला कोणी नाव ठेवलं तर जेवायचा नाही. मशीनवर मी त्याला बसवला आणि मी फोरमन झालो, म्हणजे मशीनवरचं सोडून बाकीचं सगळं माझ्या डोक्यावर आलं.

आता गाडी उलटी करायचे प्रकार. इंजिनियर लोकांची त्यांना इंग्रजी नावं असतात, आम्ही आमची ठेवली होती. सरळ वर जाऊन मागे उलटून खाली येते त्याला आम्ही अंडं म्हणायचो. आडवी पिळत पिळत जाते ते मळसूत्र. गाडी वर चढते, पिळते, उलटी होते, वळून परत आली तशी जाते, तो नाग, कारण लांबून फणा काढल्यासारखा दिसतो. सगळ्यात अवघड मळसूत्र. लोकांना वाटतं रूळ सरळ ठेवून त्याच्याभोवती माणूस फिरवायचा. तसं केलं तर डोकं घण मारल्यासारखं फिरतं आणि माणूस ओकतो. खरं उलटं असतं. माणसाची छाती जागेवर ठेवायची आणि तिच्याभोवती रूळ फिरवायचा. तान्ह्या बाळाला आंघोळ घालणारी म्हातारी बाई बाळाला पालथं कसं करते ते बघा. डोकं भिरकावत नाही, छातीखाली हात घालते आणि हातावर वळवते. पुण्याहून आमच्याकडे डिझाइन घेऊन यायच्या त्या प्राजक्ता मॅडमना मी हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काका, आमच्या पुस्तकात यालाच दहा पानं लागलीत." चांगली पोरगी होती. मन लावून काम करायची, आणि चूक दिसली तर समोरचा कोण आहे ते बघायची नाही.

आणि अंडं. ते अंड्यासारखं का, गोल का नाही, हे मात्र जरा नीट ऐका, कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे. गाडी उतारावरून येते तेव्हा सुसाट असते. वर चढता चढता दमते. टोकावर पोचेपर्यंत तिच्यात जेमतेम जीव उरतो. वेगात असताना वळण घट्ट आलं की माणूस दाबला जातो. एसटी वळणावर वळली की शेजारचा अंगावर येतो ना, तसं. फक्त इथे शेजारचा नाही, आपलंच वजन आपल्या अंगावर येतं. म्हणून खालचं वळण सैल ठेवायचं आणि वर जाताना हळूहळू आवळत न्यायचं. टोकाला वळण घट्टच हवं, नाहीतर गाडी दमलेली असल्यामुळे माणूस सीटवरून सुटून पट्ट्याला लोंबकळतो. खाली सैल, वर घट्ट. असं काढलं की खालच्या दोन्ही बाजू जवळजवळ सरळ येऊन तळाशी मिळतात, आणि आकार आपोआप अंडं निमुळत्या टोकावर उभं केल्यासारखा होतो.

तेच परकाराने काढल्यासारखं गोल केलं तर? वर माणूस सुटू नये एवढा वेग ठेवला, तर खाली सहापट वजन येतं. म्हणजे मानेवर एका डोक्याच्या जागी सहा डोकी. रावणाला दहा होती, पण त्याची मान तशी घडवलेली होती. आणि हे वजन सावकाश चढत नाही. सपाटावरून गोलात शिरल्या क्षणी धाडकन येतं.

आमच्याकडे गिऱ्हाइकाला पार्टी म्हणायचे, आणि पार्ट्या एकेक नग असायच्या. एकाने सांगितलं, गाडी आग्नेयेला तोंड करून उलटी होता कामा नये, वास्तूला चालत नाही. आम्ही सगळा नकाशा फिरवून दिला, तर तिकिटाची खिडकी आग्नेयेला आली. दुसऱ्या एकाला लग्नाच्या हॉलबाहेर अंडं पाहिजे होतं, नवरा-नवरीची एंट्री त्यातून करायची म्हणून. नवरीचं नेसणं डोक्यावर येईल म्हटल्यावर तो विचारात पडला. पण हे सगळे परवडले. परवडले नाहीत ते भाईसाहेब.

भाईसाहेब घाटावरचे. जमिनी घ्यायच्या, प्लॉट पाडायचे, विकायचे, हा धंदा. त्यांनी हायवेला पार्क काढायला घेतला आणि आम्हाला आमच्या आजवरच्या कामातलं सगळ्यात मोठं अंडं सांगितलं. माणूस दिलदार, आला की सगळ्या शेडला वडापाव. पण बोलताना दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचे नाहीत.

एवढं मोठं अंडं आखायला आमची शेड पुरेना. फर्मा काढायचा तर आकार आधी जमिनीवर पुरा आखावा लागतो, आणि जमीन सपाट लागते. मला आमच्या गावचं मिठागर आठवलं. पेणच्या खाडीकडे माझं गाव. तिथे आमच्या घराण्याची मिठागरं आहेत, म्हणजे होती, आता मीठ पिकवून पोट भरत नाही म्हणून पडीक आहेत. पण तळ अजून तसाच. पिढ्यान्‌पिढ्या बायका-पुरुषांनी पायाने तुडवून केलेला, घोटलेला, टणक. त्याच्याइतकी सपाट जागा तालुक्यात दुसरी नाही. प्राजक्ता मॅडमनी मोजणीचं यंत्र लावलं, आम्ही खुंट्या ठोकल्या. खुंट्या लांबून दिसाव्यात म्हणून टोकांना लाल रंग दिला. अंडं आखून झालं आणि मॅडम पुण्याला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर खुंटी नावाला नाही.

आमच्या भागात लाल टोकाची खुंटी म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे जमीन गेली. हे सांगायची गरज नाही, लहान पोरालाही कळतं. मोजणीच्या खुंट्या उपटत आमच्या गावच्या बायका म्हाताऱ्या झाल्यात. मी चुलतभावाला फोन करून सांगितलं होतं की बाबा, खुंट्या माझ्या आहेत. पण त्याने आईला सांगितलं नाही. आमच्याकडे पुरुष बायकांना सांगत नाहीत आणि बायका पुरुषांना विचारत नाहीत, दोघांचंही बरं चाललेलं असतं. त्याची आई म्हणजे माझी हिराकाकी. चिंबोऱ्या पकडायला सकाळी खाडीवर चालली होती, तिने खुंट्या बघितल्या आणि गावातल्या बायका गोळा केल्या.

मी घरी गेलो तर काकी सुकी मासळी निवडत बसली होती.

"काकी, मिठागरातल्या खुंट्या कोणी काढल्या?"

"मी काढल्या. सगल्या बायका होत्या. का रे?"

"कशाला काढल्या?"

"कशाला म्हंजे? मोजनीवाले येऊन गेले, तुला म्हायती नाय? तू पेनला बसतोस, तुला काय म्हायती असनार. आमी हाव म्हनून जमीन हाय."

"काकी, त्या माझ्या खुंट्या होत्या."

तिने हातातला बोंबील खाली ठेवला. मी सगळं सांगितलं, पार्क, गाडी, अंडं. तिला काय समजलं देव जाणे, पण चुकलं एवढं समजलं. शेजारणीला म्हणाली, "आता गो काय करायचा? दोन तर मी चुलीत घातल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू काय चिंता करू नको. जिथल्या तिथं ठोकून देतो."

मी नको म्हटलं, मॅडमना परत बोलावतो म्हटलं. पण त्याच दिवशी बायकोच्या माहेरून, रोह्याहून फोन आला, तिथे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं ते डॉक्टरांनी अलीकडे घेतलं, आणि मी धावत रोह्याला गेलो. इकडे काकीने बायका लावून खुंट्या परत ठोकल्या. मन लावून ठोकल्या, यात शंका नाही. भोकं त्यांच्याच पायांनी बुजली होती, म्हणून आठवून आठवून ठोकल्या. आणि ठोकता ठोकता त्यांना वाटलं, हे एका बाजूला निमुळतं दिसतंय, वाकडं झालंय, पोरांनी घाईत ठोकलं असणार. मग काकीने मधोमध एक खुंटी ठोकली, तिला दोरी बांधली आणि विहीर आखतात तशी दोरी फिरवली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आमच्या पेणला ही म्हण कोणी वापरली तर मूर्तिकारांना राग येतो, पण दुसरी सुचत नाही.

शंकर मिठागरात गेला. काकी म्हणाली, जागच्या जागी ठोकल्यात. त्याने त्या खुंट्यांवरून फर्मा उचलला आणि पाइप वाकवायला घेतले.

बायको चालायला लागल्यावर मी शेडमध्ये परत आलो. शंकर इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही बघितला नव्हता. सगळे पाइप वाकवून अंगणात मांडून ठेवले होते. मला चहा दिला आणि म्हणाला, "भावोजी, असा काम मी जन्मात केला नव्हता. मशीनला एकदा सेटिंग लावला तो लावला. पहिल्या पाइपापासून शेवटच्यापर्यंत परत हात लावला नाय."

मी चहाचा ग्लास मशीनवर ठेवला. अंड्याचा प्रत्येक पाइप वेगळा असतो. खालचा सैल, त्याच्या वरचा जरा आवळलेला, त्याच्या वरचा आणखी. प्रत्येक पाइपाला सेटिंग बदलावंच लागतं. सेटिंग बदलावं लागलं नाही याचा अर्थ एकच. मी अंगणात गेलो आणि बघितलं. गोल. परकाराने काढावा तसा गोल.

शंकरला सांगितलं तेव्हा त्याने हातमोजे काढले, खिशात घातले आणि हातपंपावर जाऊन तोंड धूत बसला.

करायचं काय हे उघड होतं. पाइप भंगारात, नवे आणायचे, पहिल्यापासून वाकवायचे. सदानंदशेठनी कपाळाला हात लावला, पण ते मानायच्या बेतात होते. तेवढ्यात भाईसाहेब आले. वडापाव घेऊनच आले. अंगणातला गोल बघितला आणि उभेच राहिले.

"वा. याला म्हणतात काम. कागदावर तुम्ही मला ते वांग्यासारखं काहीतरी दाखवलं होतं. हे बघा कसं गरगरीत आहे."

मी म्हटलं, "भाईसाहेब, हे चुकून झालंय. हे उभं करता येणार नाही. खाली मानेवर..."

"चुकून झालं तर चांगलंच झालं की. चाक गोल असतं, चंद्र गोल असतो. जाहिरातीत गोल उठून दिसतो. हेच उभं करा."

मी प्राजक्ता मॅडमना फोन लावून दिला. मॅडमनी पलीकडून स्वच्छ सांगितलं, हे उभं राहिलं तर माझं नाव यावर नसेल, आणि मी ते सगळ्यांना सांगेन. भाईसाहेब फोन परत देत म्हणाले, "नाव लावणारे पुष्कळ मिळतात." माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आमच्या शेडचा नियम आहे, ज्याने केलं तो पहिला बसणार. हा आकार तुम्ही ठरवताय, तर पहिले तुम्ही बसा." मला वाटलं, आता गप्प होतील.

"बसतो की," भाईसाहेब म्हणाले. "घाबरतो काय?"

आणि ते खरंच बसले असते, त्या वेळी तरी. मूर्खपणाला छातीची जोड मिळाली की पुढे बोलणं खुंटतं. पण त्याहून वाईट म्हणजे मागून शंकर म्हणाला, "भाईसाहेब कशाला? मी वाकवलाय. मीच बसनार." मान ताठ. मी सदानंदशेठकडे बघितलं. ते पाइपांकडे बघत होते. मला म्हणाले, "मोरू, पाइप तर वाकवून झालेत ना. वेग जरा कमी ठेवू." वेग कमी ठेवला तर गाडी वरून परत मागे येते, हे त्यांनाही माहीत होतं. उद्या ट्रेलर येईल म्हणाले आणि ऑफिसात जाऊन बसले.

संध्याकाळी शंकरला घेऊन मी गावी काकीकडे गेलो. तो एरवीही तिच्याकडे जेवायचा, तिच्या हातचं सुक्याचं कालवण त्याला आवडायचं. काकीने विचारलं, "झाला का रे तुजा अंडा?" मी दमलो होतो, काही लपवायची ताकद नव्हती. सगळं सांगितलं. गोल झाला तर काय होतं, कुठे वजन येतं. काकीने एकच विचारलं.

"मंग पयला कोन बसनार?"

मी शंकरकडे बोट दाखवलं. तो खाली मान घालून भाकरी खात होता. काकी उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल.

सकाळी ट्रेलर आला तेव्हा शेडच्या फाटकासमोर हिराकाकी आणि गावच्या बायका बसल्या होत्या. चटया आणल्या होत्या, पानाची चंची आणली होती, एकीने तर निवडायला लसूण आणला होता. फाटक अडवून बसायचं कसं हे त्यांना कोणी शिकवायला नको. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, त्या जरा सरकून जास्त पसरून बसल्या.

सदानंदशेठ बाहेर आले. "काकी, हे काय चाललंय?"

"आमचा गोल न्यायला आलो."

"तुमचा?"

"मंग? खुंट्या आमी ठोकल्या, दोरी मी फिरवली. तो गोल आमचा हाय. आमचा आमाला परत द्या, तुमचा अंडा तुमी करा."

"अहो काकी, त्यात लोखंड माझं आहे."

"मंग लोखंड ठेवा, गोल द्या."

सदानंदशेठ पेणचे. आज ना उद्या त्याच गावातून कामगार यायचे, त्याच बायका बाजारात मासळी घेऊन बसायच्या. पोलिसांना फोन करा म्हणून भाईसाहेब ओरडत होते, पण गावच्या बायकांवर पोलीस बोलावणारा माणूस आमच्या तालुक्यात धंदा करू शकत नाही. जेवायच्या वेळेपर्यंत ट्रेलर रिकामा परत गेला. सदानंदशेठनी गॅस कटर मागवला आणि काकीच्या समोर पाइप कापले. शेवटचा तुकडा पडल्यावर बायका उठल्या, चटया गुंडाळल्या आणि सहा सीटर रिक्षा करून गेल्या. मला त्या दिवशी आमच्या गावाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही. आता शंकरची मान वाचली, एवढंच माझ्या मनात होतं.

पण पाइप कापत होते तेव्हा शंकर तिथे उभा होता, हे मी बघूनही बघितलं नाही. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम, केसाचाही फरक नसलेलं, लोक डोळ्यांदेखत कापत होते आणि टाळ्या वाजवत होते. सदानंदशेठ वैतागून कोणाला तरी म्हणाले, "याने फर्मा बघून घेतला असता तर हे झालंच नसतं." त्यानंतर शेडमधली पोरं त्याला गोलूशेठ म्हणायला लागली. चेष्टाच होती. मी हसण्यावारी नेली. तो नेत नव्हता.

भाईसाहेबांनी काम काढून घेतलं आणि परराज्यातल्या कुठल्याशा शेडला दिलं. थोड्याच दिवसांनी शंकरही गेला. त्याच्या बहिणीने फोनवर विचारलं तर एवढंच म्हणाला, "इथं माझ्या कामाला कोन नाव ठेवत नाय." तो भाईसाहेबांचं काम करतोय हे आम्हाला नंतर कळलं. गोलच करत होते. मी फोन केले. तो उचलायचा, ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "व्हय भावोजी, म्हायती हाय."

गोल उभा राहिला. गोण्या बसवून गाडी सोडली, आणि गोण्या जशाच्या तशा परत आल्या. वाळूच्या गोण्यांना मान नसते. मग पहिला माणूस म्हणून शंकर बसला. भाईसाहेब त्या दिवशी आले नव्हते, त्यांच्याकडे कसलीशी पूजा होती. गाडी एकच चक्कर मारून परत आली. शंकर पट्ट्यात तसाच बसून राहिला. पट्टा काढला तरी त्याला उठता येईना.

ऑपरेशनं झाली. चालतो, हळू. हात कापतात. मान वर होत नाही आणि वळत नाही, छातीवर हनुवटी टेकवून असतो. त्याची बायको काही वर्षं होती, मग माहेरी गेली ती गेलीच. तो आता आमच्याकडे रोह्यालाच असतो. सदानंदशेठ गेले, शेडचं गोडाऊन झालं. मधल्या काळात आम्ही पुष्कळ अंडी केली, मळसूत्रं केली, नाग केले. सगळे नीट झाले. त्या नीट झालेल्या कामांचं सांगण्यासारखं काही नाही. नीट झालेल्या कामाचं काय सांगणार?

एक खरं सांगतो. इतकी वर्षं मी शंकरवर मनातून रागावलेला होतो. औषधं देत होतो, आंघोळ घालत होतो, पण रागावलेला होतो. माहीत असून बसला. हट्टाने गेला आणि हट्टाने बसला. आपला गोल चुकलेला नाही हे दाखवायला बसला, असं मी धरून चाललो होतो. हिराकाकी जाईपर्यंत विचारायची, "शंकर कसा हाय रे?" आणि मी म्हणायचो, बरा आहे.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा म्हटलं, एकदा विचारून तरी घेऊ. तो ओटीवर खुर्चीत बसला होता. मी शेजारी बसलो.

"शंकर, काकीकडे मी सगळं सांगत होतो तेव्हा तू तिथेच जेवत होतास. तुला पुरतं माहीत होतं. मग बसलास कशाला?"

तो फरशीकडे बघत होता. त्याला दुसरीकडे बघता येत नाही, त्यामुळे तो विचार करतोय की नुसता बसलाय ते कळत नाही.

"मी बसनार नव्हतो," तो म्हणाला. "मी आदल्या दिवशी तिथल्या शेडच्या मालकाला सांगितला, यात मानूस बसवू नको. तो बोलला, बरा. दुसऱ्या दिवशी येतो तर गाडीत जोडपं बसवलेला. रोजावरचा. आपल्या हितलाच, रोह्याच्या वाडीवरचा. ते बोलले तसा मी बोलीवरून वलखला. बाईनं पोर दुसरीच्या कडेवर दिलेला आनि हसत होती. त्यांना सांगितलेला, एक चक्कर मारा, रोज डबल."

"मग तू सांगायचंस ना त्यांना."

"सांगितला. त्यांना सांगितला, मालकाला सांगितला, बोंबललो. कोन ऐकतो? मालक बोलला, ही गाडी आज चालनार म्हंजे चालनार. तिथं फाटकात बसायला बायका नव्हत्या, भावोजी."

मी खुर्ची जरा त्याच्याजवळ ओढली.

"मंग मी बोललो, आमच्या शेडचा नियम हाय. वाकवला तो पयला बसनार. नियम म्हटल्यावर ते जरा गप झाले. नियमाला लोक गप होतात. जोडप्याला उतरवला, मी बसलो. म्हटला, एक गेला तर चालंल, दोन नको." मग म्हणाला, "त्याच्यानंतर त्यात कोन बसला नाय. तोडला त्यांनी."

"हे मला कधी का नाही सांगितलंस?"

"तुमी विचारला नाय कधी."

आतून त्याच्या बहिणीने चहा झाल्याची हाक मारली. मी शेजारच्या खुर्चीवरून उठलो आणि त्याच्या पायांजवळ फरशीवर बसलो, म्हणजे मान वर न करता त्याला माझं तोंड दिसेल. तेवढंच मला करता येत होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "खाली कशाला बसलात, भावोजी, गुडघे दुखतील."